चार खोटी सुतकं

मावशीला मी एका मंगळवारी मारलं. शाळेतून आले, चहा केला, नानांना दिला आणि पाटावर बसून कार्ड लिहायला घेतलं. 'आमच्या सोलापूरच्या मावशी परवा एकाएकी देवाघरी गेल्या. घरात सुतक असल्याने लग्नाची तारीख पुढे ढकलावी, ही विनंती.' खाली नानांची सहीसुद्धा मीच केली.

बाहेरच्या खोलीतून नाना म्हणाले, "काय लिहितेस गं अंबे?"

"मिरजेला. ठोसरांना."

"आणि सोलापूरला मावशीला आमंत्रणाचं लिहिलंस का?"

"तिचंच बघतेय आता," मी म्हटलं.

परवा तू मला तो सिनेमा दाखवलास ना, ओवी. तो मुलगा लग्नाचं नाव काढलं की पळतो, दर वेळी नवी थाप मारतो आणि सगळं थिएटर हसतं. तू मला म्हणालीस, "आजी, खऱ्यात असं कुणी करतं का?" मी पॉपकॉर्न खात बसले. तर ऐक आता.

साल एकसष्ट. बार्शीला आमचं दोन खोल्यांचं घर. मी तीन वर्षांची असतानाच आई गेलेली. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे घरात आलेलं पत्र मी वाचायचे आणि घरातून जाणारं मी लिहायचे. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. मिरजेच्या दामोदर ठोसरांचं स्थळ आलं. त्यांचे वडील नव्हते, घरात ते आणि आई. ते रेल्वेच्या डाकडब्यात होते, चालत्या गाडीत पत्रं निवडून गावोगावच्या थैल्यांत टाकायची नोकरी.

बघायला आले तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?"

मी म्हटलं, "गोष्टी सांगायला."

"खऱ्या की खोट्या?"

"ते ऐकणाऱ्याने ठरवायचं."

यावर त्यांच्या घशात पोहे अडकले. त्यांची आई पाठीत थोपटत राहिली आणि ते खोकता खोकता हसत राहिले. माणूस वाईट नव्हता, एवढं मला तेव्हाही कळलं होतं.

पण मला लग्नच नको होतं. माझी थोरली बहीण शेवंता, आमच्या आळीत शीळ घालणारी एकटी मुलगी. तिच्या लग्नानंतर वर्षाने मी तिच्याकडे आठ दिवस राहायला गेले. मी काही गमतीचं सांगितलं की ती हसायच्या आधी दाराकडे बघायची. दारात कुणी नसलं तर हसायची, तेही पदर तोंडावर धरून. तिला कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. नुसती दाराकडे बघायला लागली होती. आठ दिवस मी तेवढंच बघितलं आणि घरी येऊन ठरवलं की आपण नाही.

पण नाना एकेक काटकी चाचपत चूल पेटवायचा सराव करत होते. माझ्यामागे आपलं कसं चालेल याची तयारी. त्यांना 'नको' सांगायचं धाडस होईना. म्हणून मावशी गेली.

आता दुसरी बाजू. ठोसरांना वाटणार आमच्याकडे सुतक, पण नानांना काय सांगायचं? तर ठोसरांचं कार्ड आलं आणि मी नानांना मोठ्याने वाचून दाखवलं, "आमच्या आत्या परवा वारल्या, तरी तारीख पुढे ढकलावी."

"अरेरे," नाना म्हणाले. "काय झालं होतं?"

"लिहिलं नाही."

म्हणजे बघ, इकडे एक आणि तिकडे एक. एका कार्डात दोन माणसं.

पण मावशी फुकट गेली. शेजारी भिडेगुरुजी राहायचे, त्यांना मी एका मैत्रिणीचं म्हणून विचारलं तर ते म्हणाले, "मावशीचं काय गं, तीन दिवस. भावकीतलं कुणी गेलं तर दहा दिवसांचं धरतात." ठोसरांनाही हे ठाऊक असणार, त्यांनी वैशाखातली तारीख कळवली. मग वैशाख लागल्यावर मी थोरल्या काकांना घेतलं.

तुला मी लहानपणी सांगायचे ना, थोरले काका हत्तीवरून पडून गेले? ते हे काका. खरे काका सांगलीला होते आणि पुढे नव्वदाव्या वर्षीही कवळी लावून ऊस खात होते. हत्ती मी कार्डावर आणला. नुसतं 'वारले' लिहिलं तर कुणाला पटेल?

काकांमुळे मुहूर्त हुकला, पुढे चातुर्मास, लग्न गेलं थेट तुळशीच्या लग्नापलीकडे. त्यानंतर काकू नवऱ्यामागे फार दिवस राहिल्या नाहीत. माघात तर घरात माणूसच उरलं नाही, तेव्हा मी बापूकाका नावाचे एक काका नव्याने जन्माला घातले आणि त्याच कार्डावर काशीला गंगेत बुडवले.

नानांच्या हिशेबी तेवढीच माणसं मिरजेला मेली होती. ते काळजीत पडले. "अंबे, त्यांच्या विहिरीचं पाणी वाईट आहे का गं? विचार बरं." आणि दर वेळी मला समोर बसवून सांत्वनाचं पत्र सांगायचे, "लिही, आपल्या काकूंच्या निधनाचे वृत्त वाचून..." सांगता सांगता त्यांचे डोळे भरायचे. मी मान खाली घालून काहीतरी भलतंच लिहीत असायचे.

काय लिहायचे, ते सांगते. मावशी गेल्यावर ठोसरांचं जे कार्ड आलं होतं, त्यात तारखेच्या खाली बारीक अक्षरात एवढंच होतं, 'आपल्या मावशी कशा होत्या हे मला ठाऊक नाही. ठाऊक असते तर दुःख नीट करता आले असते.'

असं कुणी लिहितं का? मी ते चारदा वाचलं. मग मावशी कशी होती ते त्यांना कळवलं. तिच्याकडे एक पोपट होता, तो भाडं मागायला आलेल्या घरमालकाला शिव्या द्यायचा, असं लिहिलं. आठ दिवसांत उत्तर. 'पोपट आता कुणाकडे आहे? त्याची आबाळ होऊ नये.'

त्या काळी लग्न ठरलेल्या मुलीने मुलाला पत्र लिहिणं म्हणजे गावभर चर्चा. पण मयताची विचारपूस करायला कोण आडवं येणार? आमचं सगळं त्या मेलेल्या माणसांच्या आडून चाललं. थोरले काका हत्तीवर का बसले होते, हे त्यांनी विचारलं. मी तीन कार्डं भरून सांगितलं. काकूंची पुरणपोळी कशी असायची, बापूकाका कुणाशी भांडून काशीला गेले. ते लिहायचे, 'काल गाडी दौंडला थांबली तेव्हा थैल्या उचलता उचलता बापूकाकांची आठवण झाली आणि एकटाच हसलो. मृताविषयी असे हसणे बरे नव्हे, क्षमा असावी.'

शेवटी शेवटी मी लग्न टाळायला माणसं मारत होते की पत्र यावं म्हणून, हे माझं मलाच सांगता येईना.

आमच्या आळीचे पोस्टमन तांबोळीचाचा. पस्तीस वर्षं एकच आळी. रोज आमच्या कट्ट्यावर टेकून तांब्याभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "अंबूताई, मिरज आली."

ज्येष्ठ लागला आणि मिरज आली. 'मला कावीळ झाली आहे. डोळे पिवळे धमक. आई म्हणते, नवऱ्याला हळद जरा लवकरच लागली. रजा काढून घरी पडून आहे. आपल्याकडची माणसे आता संपत आली असतील. कमी पडल्यास आमच्याकडचा मी आहे, संकोच करू नये.'

मी कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं. यांना कळलं? की सहज लिहिलं? आणि कळलं असेल तर रागावले का नाहीत? मग मला हसू यायला लागलं. मी हसत होते आणि अचानक लक्षात आलं, की मी दाराकडे बघितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी कार्ड लिहिलं. पहिल्यांदाच माझ्या सहीने. 'आमच्याकडे आता सर्व सुखरूप आहेत. यापुढे कोणी जाणार नाही. तारीख कळवावी.'

लिहिलं आणि पोह्यांच्या डब्याखाली ठेवलं.

रोज सकाळी शाळेत जाताना ते पिशवीत टाकायचे. कोपऱ्यावर लाल पेटी होती. तिच्यापाशी गेलं की मला शेवंता दिसायची, पदर तोंडावर धरलेली. मी पुढे निघून जायचे. संध्याकाळी कार्ड परत डब्याखाली. असे बारा दिवस.

तेराव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी कट्ट्यावर तांदूळ निवडत होते. तांबोळीचाचा आले. मी हात पुढे केला, तर त्यांनी कार्ड हातात दिलं नाही, कट्ट्याच्या कडेला ठेवलं.

"अहो चाचा, हातात द्या की."

"असू दे, ताई," म्हणाले आणि पाणी न पिता पुढच्या घरी गेले. मला वाटलं, ऊन फार आहे.

'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे भाचे चि. दामोदर यांस ज्येष्ठ वद्य तृतीयेस काविळीच्या विकाराने देवाज्ञा झाली.' अक्षर अनोळखी. खाली कुणा मामांची सही.

मी हसले, ओवी. तांदळाचं सूप मांडीवरून पडेपर्यंत हसले. 'कमी पडल्यास मी आहे' असं लिहिलं होतं ना, तर माणसाने खरंच स्वतःला मारलं. वर अक्षर दुसऱ्याचं घेतलं, मामा उभा केला, तिथीसुद्धा घातली. मी म्हटलं, हा तर माझ्यापेक्षा वस्ताद निघाला.

नाना आतून बाहेर आले. "काय म्हणतात मिरजेचे?"

मी म्हटलं, "तारीख विचारतायत, नाना."

नाना दाराची चौकट धरून उभे राहिले. "खरं? कुणी गेलं नाही ना यंदा?"

"कुणी नाही."

"चला," नाना म्हणाले. "त्यांच्या घरातलं मरण थांबलं म्हणायचं."

मी डब्याखालचं कार्ड काढलं. खाली दोन बोटं जागा होती. तिथे लिहिलं, 'ता. क. आपण गेल्याचे कळले. मेलेल्या माणसाशी लग्न करायला माझी हरकत नाही. तेराव्याला गोड काय आहे तेही कळवावे.' आणि पळत जाऊन पेटीत टाकलं. त्या दिवशी शेवंता मधे आली नाही.

पाच दिवस गेले. नाना चाचपडत कापडवाल्याकडे जाऊन आले, हाताला मऊ लागलं म्हणून एक लुगडं बाजूला काढून ठेवायला सांगून आले. सहाव्या दिवशी तांबोळीचाचा आले, कार्ड नव्हतंच, नुसतेच दारात उभे राहिले.

"अंबूताई, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा की."

"त्या दिवशी तुम्ही हसत होता. मी वळून बघितलं. मग मला झोप लागेना. पोरीचं डोकं तर फिरलं नाही ना."

"अहो, ते खोटं कार्ड होतं, चाचा. गंमत होती."

चाचांनी खांद्यावरची थैली कट्ट्यावर ठेवली. मग म्हणाले, "ते कार्ड फाडलं नाहीत तुम्ही?"

"का फाडू?"

"आई नाही तुम्हाला, कुणी सांगितलं नसेल," ते म्हणाले. "मयताचं कार्ड उंबऱ्याबाहेर वाचतात आणि तिथंच फाडतात. घरात नेत नाहीत. आणि त्याच्या माथ्यावर श्री लिहीत नाहीत. शुभ पत्र असेल तरच श्री. मी मजकूर वाचत नाही, ताई. वर श्री दिसलं नाही की कार्ड हातात देत नाही, कट्ट्यावर ठेवतो. पस्तीस वर्षं तेच करतोय. आणि गंमत करणाऱ्या माणसाच्याही हातून सवयीनं श्री लिहिलं जातंच."

मी आत जाऊन कार्ड काढलं. वर मधोमध जागा कोरी होती.

नाना सुपारी कातरत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. मावशीपासून. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"म्हणजे त्यांच्या घरी आजवर कुणीच गेलं नव्हतं," नाना म्हणाले.

"नाही."

"आत्या नाही, काका नाही."

"नाही, नाना."

"आणि आता गेलं."

मी मान हलवली. त्यांना दिसत नव्हतं, पण कळलं. ते एवढंच म्हणाले, "माझी काठी दे. मिरजेला जायला हवं."

अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने अख्खा दिवस लागला. नाना काठी दोन्ही हातांत धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. स्टेशनामागे एक चाळ, दारात तुळस, चौदावा दिवस. त्यांच्या आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं होतं, बाई मला उंबरा चढू देणार नाहीत. मी दारातच थांबले.

"ये," त्या म्हणाल्या. "बार्शीची ना तू? बस."

मामा नानांना घेऊन बाहेर बसले. आई उठल्या, फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत माझी कार्डं होती. पहिल्यापासून सगळी. एकही फाटलेलं नव्हतं.

"ही घरात कशी ठेवलीत?" मी विचारलं.

"मीही तेच म्हणायची त्याला. अरे, मयताची कार्डं, फाड. तर म्हणायचा, आई, हे बघ, पोरीने वर श्री लिहिलंय. गाडीत दिवसाला हजार कार्डं हातातून जातात, श्री लिहून कुणी मेलेलं मी बघितलं नाही." त्यांनी पहिलं कार्ड वर काढलं. "पहिल्या दिवशीच कळलं होतं त्याला."

मी एकेक कार्ड उलटून बघितलं. मावशी, वर श्री. थोरले काका, वर श्री. काकू. बापूकाका.

"तुझे ते हत्तीवरचे काका," आई म्हणाल्या, "मेल्यानंतर दोन महिन्यांनी आमच्याकडे जेवून गेले."

"काय?"

"सांगलीहून आले होते, लग्न का लांबतंय विचारायला. दामूने त्यांना आग्रह करून श्रीखंड वाढलं आणि सांगितलं, मीच लांबवतोय, मला बढती मिळायचीय, तुम्ही बार्शीला काही कळवू नका. ते गेल्यावर लोळून लोळून हसला. मी रागावले. म्हटलं, ती तुला फसवतेय, दुसरी मुलगी बघू. तर म्हणाला, फसवत नाही आई, भिते. तिच्याकडची माणसं संपत आली की हो म्हणेल."

मी बापूकाकांचं कार्ड डब्यात परत ठेवलं.

"तो पोपट होता का गं?" त्यांनी मधेच विचारलं.

"नाही."

"त्याला वाटायचं, मावशी खोटी, पण पोपट खरा असेल."

सगळ्यात खाली माझं शेवटचं कार्ड होतं. मी ते उचललं नाही. त्यांनीच उचललं.

"हे गेल्या आठवड्यात आलं. माझा भाऊ वाचून फाडायला निघाला होता, फार चिडला. मी काढून घेतलं. वर श्री होतं ना." त्यांनी ते पदराने पुसलं. "तारीख कळवा लिहिलंयस. हे आधीचं दिसतंय, खालची शाई वेगळी आहे."

"बारा दिवस आधीचं," मी म्हटलं. मग विचारू नये ते विचारलं, "शुद्ध कधीपर्यंत होती?"

"शेवटचे तीन दिवस नव्हती. तोवर रोज विचारायचा, डाक आली का. जन्मभर लोकांची डाक वाहिली, आणि पडल्या पडल्या स्वतःच्या डाकेची वाट बघायचा."

बार्शीचं कार्ड मिरजेला तिसऱ्या दिवशी पोचतं. त्यांनी मोजलं नाही. मी मोजलं.

निघताना त्यांनी डबा माझ्या हातात दिला. मी पिशवीतून मामांचं कार्ड काढलं. "हे माझ्याकडे राहिलंय."

त्यांनी ते बघितलं आणि नजर वळवली. "ते मात्र फाड, बाई. उंबऱ्याबाहेर जाऊन फाड आणि आंघोळ कर. ते खरं आहे."

मी उंबऱ्याबाहेर गेले. नाना काठी टेकत उभे होते. मी कार्ड दोन्ही हातांत धरलं, फाडल्याचा आवाज आला नाही, तेव्हा कळलं असावं त्यांना, म्हणाले, "अंबे, चल, गाडी चुकेल."

पुढल्या वर्षी तुझे आजोबा मला बघायला आले. मी कुणालाही न मारता हो म्हटलं. चांगलं माणूस होतं, तुला माहीतच आहे. घरात मी गोष्ट सांगायला लागले की ते चष्मा काढून ठेवायचे आणि ऐकायचे. हत्तीची गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकली असेल. तो कुणासाठी आणला होता, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

तो डबा माझ्या लोखंडी कपाटात आहे. तू एकदा उघडलास आणि मी तुझ्यावर ओरडले होते, आठवतं? सगळ्यात वर जे कार्ड आहे, ते त्यांच्या मामांचं. मिरजेहून परत आले त्या दिवशी नाना झोपल्यावर मी दौत काढली, टाक बुडवला आणि त्या कार्डाच्या माथ्यावर, जिथे कोरी जागा होती तिथे, मधोमध श्री लिहिलं.